परिचारिकेची दुसरी शाळा

गेल्या वर्षी ऑगस्ट महिन्यातील एका सोमवारी, पावसाची झड जरा ओसरली असता, आमच्या गावच्या चर्चसमोर एक लहानशी बस येऊन थांबली आणि तीतून बारा-तेरा मुली छत्र्या सावरीत खाली उतरल्या. सगळ्यांच्या अंगावर एकसारखा फिकट निळा पोशाख, खांद्यावर एकेक पिशवी, हातात वही. त्यांच्याबरोबर प्रौढ वयाच्या एक बाई होत्या. आमचे गाव खानापूर तालुक्यातील. रानाच्या कडेचे, भातशेतीचे, निम्मे तरुण गोव्यात कामाला गेलेले. अशा गावी सकाळच्या प्रहरी इतकी माणसे एकदम उतरली म्हणजे तर्कवितर्कांस ऊत येतो. कोणी म्हणाले, शिधापत्रिकांची तपासणी आली. कोणी म्हणाले, विम्याचे लोक असतील. एका गृहस्थांनी तर निवडणूक जवळ आली की काय, असा सवाल केला.

त्या होत्या परिचर्या विद्यालयाच्या विद्यार्थिनी. बालकांची शुश्रूषा कशी करावी, याचे शिक्षण घेण्याकरिता त्या चार आठवडे आमच्या गावी येणार होत्या. प्रत्येकीकडे पाच-पाच घरे सोपविलेली होती. त्या घरांतील मुलांची वजने घ्यावयाची, त्यांचे खाणेपिणे पाहावयाचे, आयांशी बोलावयाचे आणि जे दिसेल ते आपल्या अध्यापिकेस सांगावयाचे, असा त्यांचा नेम होता.

वाचकहो, खरे ते सांगितले पाहिजे. पहिल्या दिवशी आमच्या गावाने त्या मुलींचे स्वागत चांगले केले नाही. कोणी आतूनच "घरी कोणी नाही" असे उत्तर दिले. कोणी "काय विकायला आलात?" असे विचारले. आमच्या आळीतील एका आजींनी तर आपल्या वाट्याच्या मुलीला ओसरीवर उभी करून सगळ्यांच्या देखत झाडले. त्या म्हणाल्या, "काय गं बाई, तुझं लगीन तरी झालंय काय? सात लेकरं वाढवलीत मी. तू मला काय शिकवणार?" ती मुलगी लाजून म्हणाली, "आजी, मी शिकवायला नाही आले, शिकायला आले आहे." परंतु तिचे ते मोडकेतोडके मराठी ऐकून आजूबाजूस हशा पिकला, कारण ती होती जिल्ह्याच्या उत्तर भागातली, कानडी बोलणारी. आणि आम्ही स्वतः काय केले? आमच्या दारी आलेल्या मुलीस आम्ही सभ्यपणाने सांगितले, "आज पाहुणे आहेत, पुन्हा कधी तरी या." पाहुणे कोणी नव्हते. शिकाऊ हातांत आपले लेकरू द्यावयाचे नाही, एवढेच मनात होते.

ती मुलगी तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. आमची आठ महिन्यांची नात दोन दिवस सर्दीने किरकिरत होती. ओव्याची पुरचुंडी शेकविणे, छातीला कोमट खोबरेल चोळणे, हे घरचे उपचार चालू होते. मुलीने प्रथम साबण मागून हात धुतले. पिशवी तिने जमिनीवर ठेवली नाही. वर्तमानपत्राचा कागद पसरून त्यावर ठेवली. मग ती बाळाच्या आईला म्हणाली, "ताई, तिला मांडीवरच असू द्या. फक्त झबले जरा वर करा." आणि हातातील घड्याळाकडे व बाळाच्या पोटाकडे आळीपाळीने पाहत ती पुरे एक मिनिट स्तब्ध बसली. बाळाला तिने बोटही लावले नव्हते. मिनिट संपल्यावर तिने वहीत आकडा लिहिला, बाळ शांत आहे याची खात्री करून पुन्हा एक मिनिट मोजले आणि मग काही न बोलता छत्रीही न घेता ती अध्यापिकाबाईंना बोलावण्यास धावली.

पहिल्या वेळी ५४ श्वास भरले होते, दुसऱ्या वेळी ५३. अध्यापिकाबाईंनी स्वतः मोजून तेच सांगितले. खोकला वा सर्दी असलेल्या मुलाचा श्वास ठराविक मर्यादेहून जलद चालत असेल, तर ती फुप्फुसाच्या दाहाची, म्हणजे न्यूमोनियाची, खूण धरली जाते. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ती मर्यादा मिनिटाला ६०, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५०, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० अशी आहे. त्या आकड्याला श्वास पोहोचले की थांबावयाचे नाही. आमच्या नातीची छाती श्वास घेताना आत ओढली जात नव्हती, ती अंगावर पीत होती, हे सुदैव. त्याच दुपारी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांनी तपासून तोंडाने द्यावयाचे औषध पाच दिवसांसाठी दिले व दोन दिवसांनी पुन्हा दाखविण्यास सांगितले. पाचव्या दिवशी त्याच मुलीने श्वास मोजले तेव्हा ३८ भरले. ज्या घराने तिला खोटे सांगून परत पाठविले होते, त्या घरावर तिने केवढे उपकार केले, हे आम्ही तिला शब्दांत सांगू शकलो नाही. चहा मात्र दिला.

त्यानंतर मात्र आम्ही ओसरीवर त्यांच्यासाठी चटई घालू लागलो. दुपारी सगळ्या मुली आमच्याकडे जमत, डबे उघडीत आणि आपापल्या घरांचा वृत्तांत अध्यापिकाबाईंना सांगत. तो ऐकता ऐकता आम्हांस जे उमगले, तेच आज या स्तंभातून सांगावयाचे आहे.

रुग्णालये असताना या मुलींनी चिखल तुडवीत घरोघरी का हिंडावे, असा प्रश्न आम्ही अध्यापिकाबाईंना केला. त्या म्हणाल्या, "रुग्णालयात मूल येते ते आजारी म्हणून. तेथे ते घाबरलेले असते, रडत असते, त्याच्या हाताला सुई असते. ज्या मुलीने केवळ अशीच मुले पाहिली, तिला निरोगी मूल कसे असते हेच कळत नाही. आणि निरोगी मूल ठाऊक नसेल, तर आजाराची पहिली पायरी ओळखणार कशी?" हे आम्हांस पटले. सहा-सात महिन्यांचे बाळ आधाराने कसे बसते, वर्षाचे पोर भिंत धरून कसे चालते, अनोळखी माणूस दिसताच आईच्या पदरात कसे तोंड लपविते, हे पाहण्याची जागा घराचे अंगण ही होय. मुलाला तपासावयाचे ते आईच्या मांडीवर. प्रथम नुसते पाहावयाचे, श्वास मोजावयाचे, आणि ज्याने मूल रडेल ते घसा वा कान पाहण्याचे काम सर्वांत शेवटी करावयाचे, हा क्रमही अशा घरीच अंगवळणी पडतो. म्हणूनच १९४७ च्या कायद्यान्वये अस्तित्वात आलेल्या भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमात रुग्णालयातील कामाबरोबर खेड्यांतील व शहरी वस्त्यांतील प्रत्यक्ष कामही नेमून दिलेले आहे. आपल्या देशात १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाड्या तर या विद्यार्थिनींच्या दृष्टीने तयार वर्गच होत.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात लिलियन वॉल्ड नावाची एक तरुण परिचारिका होती. १८९३ साली ती परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांतील स्त्रियांना घरगुती शुश्रूषेचे धडे देत असे. एके दिवशी वर्ग चालू असता एक लहान मुलगी आली व आपली आई आजारी असल्याचे सांगून तिला आपल्या घरी घेऊन गेली. घाणीने भरलेल्या गल्ल्यांतून ती दोघे एका दाटीच्या खोलीत पोहोचली. तेथे बाळंतीण रक्तस्रावाने क्षीण होऊन पडलेली होती. रुग्णालयाच्या स्वच्छ दालनात शिकलेल्या वॉल्डबाईंना त्या सकाळी जे दिसले, ते त्यांच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. लौकरच त्या आपल्या एका मैत्रिणीसह त्याच वस्तीत राहावयास गेल्या आणि घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांचे एक मोठे कार्य तेथून उभे राहिले. पुढे १९०२ साली त्यांनी लीना रॉजर्स नावाची आपली परिचारिका महिनाभरासाठी शहराच्या शाळांना दिली. त्यापूर्वी खरूज, डोळे येणे अशा कारणांनी डॉक्टर मुलांना शाळेतून घरी धाडीत, आणि घरी त्यांच्याकडे पाहणारे कोणी नसे. परिचारिका त्या मुलांच्या घरी जाऊ लागली, आयांना उपाय दाखवू लागली, आणि मुले वर्गात परतू लागली. महिन्याचा तो प्रयोग पाहून शहराने अधिक परिचारिका नेमल्या.

परंतु घरी जाणे ही अर्धी गोष्ट झाली; घरच्या माणसांचे ऐकणे ही दुसरी अर्धी. आमच्या कानडी भाषक मुलीने पहिल्याच आठवड्यात वहीची शेवटची पाने वेगळी राखली होती. त्यांत ती गावचे शब्द लिहून घेई : जुलाब, हगवण, धाप, पोट उडणे, बाळ मान टाकते, बाळ मलूल पडले. आम्हांस प्रथम हसू आले. अध्यापिकाबाई म्हणाल्या, "हसू नका. 'पोट उडते' असे आई सांगते तेव्हा ती न्यूमोनियाचेच वर्णन करीत असते. हा शब्द जिला समजला नाही, ती परिचारिका रोग दारात उभा असून ओळखणार नाही."

या म्हणण्यास एक थोर दाखला आहे. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर स्त्री १९२९ पासून आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट या प्रदेशात, म्हणजे आजच्या घाना देशात, मुलांवर उपचार करीत होत्या. हातापायांवर सूज, निस्तेज केस, सोलवटलेली कातडी, अशी एक ते चार वर्षांची मुले त्यांच्याकडे येत व पुष्कळ दगावत. ग्रंथांत या रोगाचे नाव सापडेना. तेथील गा भाषेत मात्र स्त्रियांपाशी त्याला शब्द होता : क्वाशिओरकोर. धाकटे भावंड जन्मल्यावर अंगावरून दूर झालेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा भाव. त्या एका शब्दात रोगाचे कारणही सांगितलेले होते. आईचे दूध सुटले आणि मक्याच्या पातळ पेजेवर मूल राहिले. १९३५ साली विल्यम्सबाईंनी तोच शब्द वैद्यकीय जगापुढे मांडला, व आजही जगभरचे डॉक्टर तो वापरतात. अडाणी म्हणून ज्यांना बाजूस सारावे, त्या आयांनी विद्वानांना शिकविले ते असे.

आता त्या सात लेकरांच्या आजींकडे पुन्हा वळू. त्यांचा दीड वर्षाचा नातू अंगाने किरकोळ होता. बाप गोव्यात बांधकामावर. घरी सून आणि आजी. मुलीने त्याच्या दंडाभोवती मापाची पट्टी गुंडाळली; दंड भरला १२.१ सेंटिमीटर. १२.५ च्या खाली गेला की सावध व्हावयाचे आणि ११.५ च्या खाली गेला की ते अतिकुपोषण समजून तातडीने उपचार करावयाचे, असा नियम आहे. मूल पिवळ्या पट्ट्यात होते. मुलीने पुस्तकात वाचले तसे सांगितले : रोज एक अंडे द्या, पेलाभर दूध द्या, फळे द्या. सुनेने मान हलविली. आजी तर बोलल्याच नाहीत.

दुपारी ओसरीवर हा वृत्तांत ऐकून अध्यापिकाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी केवळ प्रश्न विचारले. "त्यांच्या गोठ्यात म्हैस आहे, ती पाहिलीस का? तिचे दूध कोठे जाते? परसात कोंबड्या आहेत, अंडी कोण नेतो? मूल कोणाच्या ताटात जेवते? दिवसातून किती वेळा?" मुलीपाशी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. बाई म्हणाल्या, "मग तू घरात गेलीच नाहीस. दारातून पुस्तक वाचून आलीस."

दुसऱ्या दिवशी ती मुलगी चुलीपाशी जाऊन बसली. दूध सगळे डेअरीत जात होते, कारण म्हशीच्या कर्जाचा हप्ता त्यातून कापला जाई. अंडी बाजारच्या दिवशी विकून मीठ-मसाला येई. पोर आपल्या मोठ्या भावाच्या ताटात जेवे. भाऊ सहा वर्षांचा, त्याचा घास मोठा, आणि धाकट्याचे पोट भरण्याआधीच ताट रिकामे होई. हे आईलाही कधी दिसले नव्हते. ती त्या वेळी दुसरी भाकरी थापीत असे. मग सगळ्यांनी मिळून तोडगा काढला, आणि त्यातला मोठा वाटा आजींचा होता. पोराला त्याची स्वतंत्र वाटी. वरणभात चांगला कुस्करून त्यात चमचाभर तेल. नाचणीच्या सत्त्वात भाजलेल्या दाण्यांचे बारीक कूट. सकाळ-संध्याकाळच्या जेवणांमध्ये आणखी दोन वेळा थोडे थोडे. आठवड्याच्या अंड्यांतून तीन पोरासाठी बाजूला. दूध तसेच डेअरीत जात राहिले. कारण कर्ज फेडावयाचेच होते. महिन्याने अंगणवाडीच्या काट्यावर पोराचे वजन ३०० ग्रॅमने वाढलेले दिसले.

घर पाहिल्याविना दिलेला सल्ला गरिबाला केवळ आपली गरिबी आठवून देतो. घर पाहून दिलेला सल्ला त्याच चुलीवर शिजतो. शुश्रूषेचे शिक्षण घेणाऱ्या मुलीला हे एकदा अनुभवाने कळले, म्हणजे पुढे ती मोठ्या शहरातील रुग्णालयात गेली तरी घरी निघालेल्या मुलाच्या आईला विचारील, "बाई, हे औषध घरी ठेवणार कोठे? रात्री जागणार कोण?" तशी परिचारिका आपल्या लेकराला लाभावी, असे कोणाला वाटणार नाही?

त्या चार आठवड्यांत आजींचा रुसवा केव्हा मावळला, हे कोणालाच कळले नाही. एके दुपारी आम्ही तेथे असताना मुलगी पोराचे श्वास मोजीत होती. आजी बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "हे मोजायचं मला शिकव." मुलगी म्हणाली, "आजी, तुमचा नातू बरा आहे." त्यावर आजी खाली पाहून बोलल्या, "सात वाढवली म्हणून सांगते मी. जन्मली होती नऊ. एक असंच पोट उडून गेलं. रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते. मला काय ठाऊक, ते मोजायचं असतं म्हणून."

ओसरीवर कोणी काही बोलेना. आज काळ पालटला आहे, हे खरे. तरीही २०२० सालच्या सरकारी नमुना नोंदणीनुसार आपल्या देशात जन्मलेल्या दर १,००० बालकांपैकी ३२ बालके पाच वर्षांची होण्यापूर्वी जात होती, आणि त्यांतील २० तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच. आजींचे दुःख जुने झाले. ते नाहीसे झालेले नाही.

आजींना घड्याळ वाचता येत नव्हते आणि पन्नासपर्यंतची मोजणी मध्येच चुके. मुलगी विचारात पडली. तेव्हा अध्यापिकाबाईंनी गडचिरोलीची गोष्ट सांगितली. तेथे डॉक्टर अभय व राणी बंग या दांपत्याने गावातील सुइणींना व इतर अल्पशिक्षित माणसांना बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले. ज्यांना फार मोजता येत नसे, त्यांच्यासाठी मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांची चौकट केली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. त्या कामाने मुलांचे मृत्यू घटले, हे १९९० साली जगापुढे आले. पुढे गावातल्याच स्त्रियांनी घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांची काळजी घेतली, तेव्हा नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज आशाताई बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आपल्या घरी येतात, त्यामागे हीच वाट आहे.

मण्यांची गोष्ट ऐकताच आजी आत गेल्या आणि भिंतीवरच्या खिळ्याची जपमाळ घेऊन आल्या. पाच दशके, दहा-दहा मणी. मोठे मणी सोडून द्यावयाचे. दर श्वासाला एक मणी. मुलीने घड्याळ धरले, आजींनी माळ ओढली. वर्षाच्या आतले बाळ असेल आणि मिनिट सरण्यापूर्वी पाचही दशके पुरी झाली, तर दवाखाना गाठावयाचा. वर्षाच्या वरचे असेल, तर चारच दशके धरावयाची. दोन महिन्यांच्या आतील तान्हे बाळ आजारी दिसले, तर मोजीत न बसता त्याला नेऊन दाखवावयाचे. आजींना हे एका दुपारी साधले. आता आळीत कोणाचे पोर खोकू लागले की सुना आजींनाच हाक मारतात. घड्याळ त्यांचा मोठा नातू धरतो.

एवढे सांगून झाल्यावर दुसरी बाजूही मांडणे आमचे कर्तव्य आहे. सगळ्याच संस्थांच्या विद्यार्थिनी अशा येत नाहीत. आमच्याच गावाने पूर्वी वेगळा अनुभव घेतला आहे. एका संस्थेच्या मुली आल्या, दोन तासांत चाळीस घरांचे कागद भरले, मुलांची वजने घेतली, चर्चच्या पायऱ्यांवर छायाचित्र काढले आणि गेल्या. कोणाच्या मुलाचे वजन कमी भरले, हे त्या आईला कोणी सांगितले नाही. बरोबर अध्यापिका नव्हती. अशा भेटीत मुलगी काही शिकत नाही, आणि घर मात्र पुढच्या वेळी दार लावून घेते. आपल्या मुलांवर कोणी नुसता हात साफ करून घ्यावा, यासाठी कोणतेही घर उघडे नसते.

म्हणून आमची वाचकांस विनंती अशी. विद्यार्थिनी दारी आली, तर तिला आत घ्या. परंतु तुमच्या अध्यापिका कोण, आणि तुम्ही पुन्हा केव्हा येणार, हे दोन प्रश्न अवश्य विचारा. तिने मुलाला हात लावण्यापूर्वी हात धुतले पाहिजेत, हे सांगण्यास संकोच नको. नको वाटेल त्या गोष्टीस नाही म्हणण्याचा आपणास अधिकार आहे. वजन घेतले, माप घेतले, तर आकडा आपल्या माता-बाल कार्डावर लिहून मागा. ते कार्ड आपले आहे. आणि तिला खरे सांगा. अंडी विकली जातात, दूध डेअरीत जाते, मूल भावाच्या ताटात जेवते, हे सांगण्यात लाज कसली? डॉक्टरांपाशी दडविलेले दुखणे जसे बरे होत नाही, तसे शिकणाऱ्या मुलीपासून दडविलेले घर तिला काही शिकवीत नाही.

धर्मग्रामाच्या पुढाऱ्यांसही एक शब्द. या मुली परगावच्या, तरुण, आपल्याच लेकींच्या वयाच्या. त्यांना दुपारी बसण्यास जागा, स्वच्छ शौचालय आणि पहिले काही दिवस घरोघरी ओळख करून देणारी एखादी जाणती स्त्री हवी असते. चर्चचे सभागृह आठवड्याचे सहा दिवस बहुधा बंदच असते. ते उघडून देण्यास खर्च काहीच नाही.

आपल्या कित्येक घरांतील मुली परिचारिका होऊन गोव्यात, हैदराबादेत, आखाती देशांत सेवा करीत आहेत, आणि आणखी पुष्कळ जणी शिकत आहेत. एक आई आम्हांस म्हणाली, "खेड्यातच हिंडायचं होतं तर एवढी फी कशाला भरली?" तिला आम्ही इतिहासातील एक गोष्ट सांगितली. डॉक्टर आन्ना डेंगल या ऑस्ट्रियन बाई १९२० साली रावळपिंडीस आल्या, तेव्हा पुष्कळ घरांत परपुरुष डॉक्टरला मज्जाव होता आणि बाळंतिणी व बालके उपचाराविना जात. त्यांनी १९२५ साली वैद्यकीय सेवेसाठी धर्मभगिनींचा संघ काढला. परंतु त्या काळच्या चर्चच्या नियमांनी व्रतस्थ भगिनींना प्रसूतीचे काम करण्यास मनाई होती. ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून निघालेल्या आज्ञापत्राने ती आडकाठी दूर झाली. घराच्या आतल्या खोलीपर्यंत पोहोचण्याची परवानगी मिळावी म्हणून ज्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, त्यांच्या मानाने आपल्या मुलीला ती वाट अभ्यासक्रमातच मिळाली आहे. ती फी वाया गेलेली नाही.

असो. शेवटच्या दिवशी बस निघण्याच्या वेळी ती कानडी मुलगी आजींच्या ओसरीवर वही उघडून बसली होती. नाचणी किती वेळ भिजवावयाची, फडक्यात बांधून मोड केव्हा येतात, सावलीत वाळवून कशी दळावयाची, हे ती लिहून घेत होती. आजी सांगत होत्या, ती एकेक शब्द विचारून घेत होती, आणि पावसात बसचा भोंगा दोनदा वाजून गेला तरी कोणाचेच लक्ष नव्हते. लिहून झाल्यावर आजी म्हणाल्या, "आता वाच बघू, काय लिहिलंस ते." मुलीने वाचून दाखविले. एका ठिकाणी चूक होती. आजींनी ती दुरुस्त करविली आणि मगच तिला जाऊ दिले.

यंदाही पावसाळ्यात त्या शाळेच्या नव्या मुली येणार आहेत. आमच्या घरी त्या वेळी पाहुणे नसतील.